साबण स्वस्त झाला, साबणवालीचं काय?

२२ सप्टेंबर २०२५पासून आंघोळीच्या साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. निपाणी तंबाखूचं गाव, त्यामुळे तिथं बोलणं चाललेलं ते बिडीवरच्या कराचं. खरं, त्याच आठवड्यातल्या रविवारी तिथल्या एका हॉलमध्ये साबण शिकायला तीसेक बायका जमल्या. बेळगावहून मैत्रिणीसोबत मीही गेले.

दारावर फलक होता, ‘केमिकल-फ्री साबण’. सकाळभर शिकवलं एवढंच: तयार सोप बेस चिरायचा, वितळवायचा, रंग-वास घालून साच्यात ओतायचा. मैत्रीण कानाशी म्हणाली, “ह्याला साबण करणं म्हणतात होय गं? मग मॅगी उकडली की स्वयंपाक आला म्हणायचं!”

दुपारी रसायनशास्त्राचे निवृत्त सर आले आणि त्यांनी पहिल्यांदा कॉस्टिक सोड्याची बरणीच टेबलावर ठेवली. “ह्याच्याशिवाय वडी जमत नाही. आणि वडी नीट जमली, तर तिच्यात हा उरत नाही.” फलकाचा निकाल दोन वाक्यांत लागला. जन्मभर अंदाजानं मीठ घातलेल्या आम्हा बायकांना त्यांनी वजनकाट्यासमोर बसवलं. एक किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम सोडा लागतो. सर १७४च घालायला लावतात, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहून अंग कोरडं पडत नाही. एरंडेलाला किलोमागे १२८ ग्रॅमच्या आसपास पुरतो, त्यामुळे एका तेलाचं माप दुसऱ्याला चालत नाही. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियम सोडा खाऊन टाकतो. मिश्रण पिठल्यासारखं धरेपर्यंत ढवळायचं, साच्यात ओतायचं आणि वड्या पाडून चार ते सहा आठवडे वाऱ्यावर ठेवायच्या.

मग सरांनी दुकानातल्या साबणांची वेष्टनं वाचायला दिली. ‘टॉयलेट सोप’च्या पहिल्या प्रतीत किमान ७६ टक्के टीएफएम, म्हणजे साबणाचा खरा ऐवज, लागतो. ‘बेदिंग बार’ला ४० टक्केही चालतात. आपण वास घेऊन साबण निवडतो, मागची बाजू वाचतो कुठं?

आता कराचं. वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर एरवी जीएसटी नोंदणी लागत नाही. घरी वड्या पाडणारी बाई गिऱ्हाईकाकडून कर घेतच नव्हती. तिचा कमी काय होणार? कमी झाली ती कंपनीच्या साबणाची किंमत. हिच्या कॉस्टिक सोड्यावर मात्र १८ टक्के तसेच आहेत आणि खोबरेल तर २०२५मध्ये कडाडलं. वर, साबण विकायचा तर सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना लागतो, हे सकाळी कुणी बोललंसुद्धा नाही. आमच्या कर्नाटक सरकारचा स्वतःचा साबण आहे, १९१८पासूनचा म्हैसूर सँडल. त्याच्या जाहिरातीसाठी २०२५मध्ये एका नटीला दोन वर्षांचे ६ कोटी २० लाख रुपये ठरले. निपाणीतल्या बायकांना परवान्याचा अर्ज भरून द्यायला एक माणूस नेमला असता, तर तो किती स्वस्तात पडला असता!

आमच्या वड्या माळ्यावर वाळत राहिल्या. सहा आठवडे भरायच्या आत, २० ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली. त्या वर्षीही पहिल्या आंघोळीला मोती साबणच.