अंगठा ज्या कॉम्प्युटरवर उमटतो

14 ऑक्टोबर 2025, मंगळवार. दिवाळी आठवड्यावर आली होती. अतिवृष्टीतून वाचलेलं सोयाबीन घरात आणायची घाई होती, आणि ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी सुरू असल्याने सेवा केंद्रांवर बायकांच्या रांगा होत्या. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सांभाळ थांबवला. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर ठाऊक आहे. तिथे काय किंवा तसल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या गावात काय, त्या मंगळवारी कुणाला काही जाणवलं नसणार. कॉम्प्युटर रोजच्यासारखे सुरू झाले, सातबारे निघाले, दाखल्यांचे अर्ज भरले गेले. काहीच बंद पडलं नाही, आणि या विषयातली खरी अडचण तीच आहे.

‘विंडोज 11 टाकून घ्यावं का?’ या प्रश्नाला गावातलं नेहमीचं उत्तर असतं, ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता!’ हे उत्तर आळशीपणाचं नाही. सेवा केंद्राचा धंदा अर्जामागे मिळणाऱ्या थोड्या पैशांवर चालतो. नवी विंडोज टाकल्यावर प्रिंटर ओळखला गेला नाही, अंगठ्याचं यंत्र लागलं नाही, डिजिटल सहीचा डोंगल दिसेनासा झाला, तर दोन दिवसांची कमाई जाते आणि गिऱ्हाईक शेजारच्या केंद्रात जातं. त्यामुळे नव्या विंडोजमध्ये दिसायला काय छान आहे, याची चर्चा इथे निरुपयोगी आहे. टास्कबार मधोमध गेला म्हणून कुणाचा अर्ज लवकर भरला जात नाही. विचार करायचा तो जुन्या विंडोजचा सांभाळ थांबतो म्हणजे आत नेमकं काय होतं याचा.

ऑपरेटिंग सिस्टीम हा कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम असतो. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, कुणी कुठली फाइल वाचायची, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर कुणाकडे पोचवायचं, हे सगळं तो ठरवतो. इतक्या ओळींत चुका राहतातच. एक नेहमीची चूक अशी: प्रोग्रॅमरने 64 अक्षरांसाठी जागा राखून ठेवली, पण आत येणारा मजकूर तेवढाच आहे का, हे तपासलं नाही. कुणी मुद्दाम 100 अक्षरं पाठवली की उरलेली 36 शेजारच्या मेमरीवर चढतात. तिथे पुढची आज्ञा कुठून वाचायची याचा पत्ता असला, तर तो पत्ता आता पाठवणाऱ्याच्या मर्जीने बदलतो. कॉम्प्युटर परक्या माणसाच्या आज्ञा पाळू लागतो आणि मालकाला पडद्यावर काहीही दिसत नाही. मेमरीच्या हाताळणीतल्या अशा चुकांमधून आपली सुमारे 70 टक्के सुरक्षा-छिद्रं येतात, असं मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी 2019 मध्ये सांगितलं होतं.

ही छिद्रं बुजवणारी दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. 14 ऑक्टोबर हाही दुसराच मंगळवार होता. सांभाळ थांबला म्हणजे ही दुरुस्ती थांबली. फक्त थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण विंडोज 11 हे विंडोज 10 च्याच पायावर उभं आहे आणि दोघांचा बराच कोड सामायिक आहे. विंडोज 11 साठी दुरुस्ती आली की हल्लेखोर दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून पाहतात. फरक जिथे, छिद्र तिथे. तेच छिद्र विंडोज 10 मध्येही असेल तर तिथे ते उघडंच राहणार. म्हणजे दर महिन्याची दुरुस्ती ही नव्या विंडोजसाठी औषध आणि जुन्या विंडोजच्या शत्रूसाठी नकाशा ठरते. आपल्या भागात जे. एस. 335 या सोयाबीनच्या वाणाचं असंच झालं. बियाणं तेच राहिलं, त्याच्याभोवतीचा पिवळा मोझॅक मात्र बदलत्या हवेत बळावला, आणि शेतकऱ्यांना वाण बदलावा लागला.

हे भय कागदी नाही. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधलं एक मोठं छिद्र बुजवलं. 12 मे रोजी त्याच छिद्रातून ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला आणि त्याने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. 27 जूनला त्याच वाटेचाही वापर करणारा ‘नॉटपेट्या’ आला आणि मर्स्क कंपनी चालवत असलेलं जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. आपल्या उरणजवळ कंटेनरचं काम अडलं. वॉनाक्रायची लागण झालेल्यांत बहुतांश कॉम्प्युटर विंडोज 7 चे होते, जुन्या विंडोज एक्सपीचे नव्हेत. विंडोज 7 चा सांभाळ तेव्हा चालू होता, दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वीच आली होती, ती कुणी घेतली नव्हती. नेट संपतं, कॉम्प्युटर मधेच रीस्टार्ट होतो, म्हणून आपल्याकडे अपडेट बंद करून ठेवायची पद्धत आहे. अपडेट बंद ठेवणार असाल तर विंडोज 11 वर खर्च करण्यात अर्थ नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

सेवा केंद्राचा कॉम्प्युटर वेगळा का, ते अंगठ्यावरून कळतं. पीएम-किसानची ई-केवायसी असो की बँकेचे पैसे काढणं, माणूस यंत्रावर बोट ठेवतो. जुन्या, एल-शून्य प्रकारच्या यंत्रांत ठशाला कुलूप लावण्याचं काम कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर करतं. म्हणजे क्षणभर का होईना, ठसा उघड्या रूपात त्या कॉम्प्युटरच्या मेमरीत असतो. ऑपरेटिंग सिस्टीमच परक्याच्या ताब्यात असेल तर त्या क्षणाचा भरवसा उरत नाही. एल-1 प्रकारच्या यंत्रात हे कुलूप यंत्राच्या आतल्या सुरक्षित भागातच लागतं. आधार प्राधिकरणाने जुनी यंत्रं बाद करून एल-1 कडे जायला सांगितलं त्याचं कारण हेच. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. शिवाय त्याच कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये गावातल्या कित्येकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, जातीचे दाखले महिनोन्‌महिने पडून असतात. मालक एक, पण माहिती सगळ्या गावाची. म्हणून अशा कॉम्प्युटरवर सांभाळ संपलेली विंडोज चालवू नये, या मताशी मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

आता खर्चाकडे वळू. विंडोज 11 साठी 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, टीपीएम 2.0 आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन 2000 पासूनचा प्रोसेसर लागतो. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारा एक छोटा, स्वतंत्र भाग. कॉम्प्युटर सुरू होताना कुणी मधेच लुडबूड केली आहे का, हे पडताळायला तो मदत करतो. अनेक दुकानांत ‘तुमच्यात टीपीएम नाही, नवा घ्या’ असं सांगून मोकळे होतात. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. कित्येक कॉम्प्युटरमध्ये टीपीएम प्रोसेसरबरोबरच आलेला असतो, फक्त बायोसमध्ये बंद असतो. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. तो चालू केला की मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नेमकं काय कमी आहे ते सांगतं. कॉम्प्युटर पात्र असेल आणि विंडोज 10 अस्सल असेल तर विंडोज 11 फुकट मिळतं.

पात्र नसलेल्या कॉम्प्युटरवर अटी चुकवून विंडोज 11 टाकून देणारेही आहेत. ते चालतं, काही काळ उत्तम चालतं. पण अशा कॉम्प्युटरला अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. होम आणि प्रो आवृत्त्यांचा प्रत्येक टप्पा 24 महिने सांभाळला जातो आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा हाच खटाटोप येतो. घरच्या कॉम्प्युटरवर करून पाहायला हरकत नाही. सेवा केंद्रात नको. आणि क्रॅक मारलेली विंडोज तर कुठेच नको, कारण ती उघडणारा प्रोग्रॅम आत आणखी काय ठेवून गेला, हे कुणालाच सांगता येत नाही.

‘जुना झाला, खूप हळू चालतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा विंडोजमध्ये नसून हार्ड डिस्कमध्ये असतं. नेहमीच्या हार्ड डिस्कची चकती मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर सुई सरकायला साधारण त्याच्या दुप्पट वेळ. हिशेब केला तर विखुरलेल्या फाइली ती सेकंदाला 100 वेळाही वाचू शकत नाही. विंडोज 10 आणि 11 मागच्या बाजूने सतत असल्या बारीक फाइली वाचत असतात. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. साधी साटा एसएसडीही तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. पाच-सात वर्षांच्या पात्र कॉम्प्युटरला एसएसडी आणि 8 जीबी रॅम दिली, तर नवा घेण्याची गरज बहुधा राहत नाही. नवा कॉम्प्युटर विकण्यात दुकानाला जास्त मिळतं, एवढं लक्षात ठेवून सल्ला ऐकावा.

पण डीटीपीच्या दुकानाला मी वेगळं उत्तर देईन. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं अजून कितीतरी ठिकाणी पेजमेकर 7 वर, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर लागतात. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती 2001 मधली. विंडोज 11 फक्त 64 बिटचं आहे, त्यामुळे 16 बिटचे जुने प्रोग्रॅम त्यावर चालतच नाहीत. जुन्या डोंगलचे ड्रायव्हरही दगा देतात. वर्षानुवर्षांच्या फाइली त्यात अडकलेल्या असताना असा कॉम्प्युटर बदलायचं कारण नाही. त्याची नेटची वायर मात्र काढून टाका. ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कॉम्प्युटरवर घ्या, आणि पेन ड्राइव्ह तिथे तपासल्याशिवाय याला लावू नका. शॉर्टकट व्हायरसने पोळलेल्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

नवी सिस्टीम मराठीसाठी खरोखर मोलाची ठरली, असेही प्रसंग आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. विंडोज 2000 मध्ये युनिकोड देवनागरी आली आणि तिच्यासोबत मुंबईच्या र. कृ. जोशी या सुलेखनकाराने घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट. तोवर एका कॉम्प्युटरवर लिहिलेलं मराठी दुसऱ्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडायचं. त्या आवृत्तीसाठी खर्च करणाऱ्याला मराठीत ई-मेल, मराठीत शोध आणि पुढे मराठी वेबसाइट मिळाल्या. विंडोज 10 च्या मे 2019 च्या आवृत्तीत मराठीचा फोनेटिक कीबोर्ड अंगचाच आला. विंडोज 10 वरून 11 वर जाताना मराठीला अशी उडी मिळत नाही. इथे कमाई फक्त सुरक्षिततेची आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

अपात्र पण धडधाकट कॉम्प्युटरचं काय करायचं? कॅनालिस या संस्थेने 2023 च्या अखेरीस अंदाज केला होता की विंडोज 10 च्या निवृत्तीमुळे जगात सुमारे 24 कोटी कॉम्प्युटर ई-कचऱ्यात जाऊ शकतात. हे मन खट्टू करणारं आहे, आणि टाळता येण्यासारखंही. पोरांच्या अभ्यासाला, टायपिंगच्या सरावाला, वाचनालयाला लिनक्स मिंटसारखी फुकट सिस्टीम उत्तम चालते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवत आहेत. सेवा केंद्राला मात्र मी लिनक्स सुचवणार नाही, कारण अंगठ्याच्या यंत्रांची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच बनतात. ज्याला आज काहीच जमत नाही, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची वाढीव सुरक्षा-दुरुस्ती जाहीर केली आहे, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती वैयक्तिक कॉम्प्युटरला पैसे न देता मिळते, नाहीतर 30 डॉलर. अँटिव्हायरसची यादी त्यानंतरही अद्ययावत होत राहील, पण ती ओळखीचे चोर पकडते, भिंतीतलं छिद्र बुजवत नाही.

बदल करायचा ठरलाच तर खरिपाच्या गर्दीत करू नका. आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, बॅटरी बॅकअप भरलेला ठेवा, कारण अर्ध्या अपग्रेडमध्ये लाइट गेली तर फॉरमॅट मारायची वेळ येते. अंगठ्याचं यंत्र, डोंगल आणि प्रिंटर यांचे विंडोज 11 चे ड्रायव्हर आधीच उतरवून घ्या.

जिल्हा प्रशासनाला एक विनंती आहे. केंद्रांची तपासणी होते तेव्हा दरफलक लावलाय का, हे पाहिलं जातं. तिथल्या कॉम्प्युटरवर कुठली विंडोज आहे आणि शेवटचं अपडेट कधी झालं, हाही एक रकाना त्या तपासणीत घालावा. आणि केंद्र चालवणाऱ्या मित्रांनो, हे तुम्हाला आत्ताच पाहता येईल: विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, इंग्रजीत ‘विनव्हर’ टाइप करून एंटर द्या. आकडा 10 दिसला आणि वाढीव दुरुस्तीसाठी नोंदणी केली नसेल, तर आजचा पहिला अंगठा घेण्याआधी ती करा.