कारण संपले, वस्ती राहिली
लेखमाला : शिंद्यांचा मुलूख — लेखांक 6 : ग्वाल्हेर जिल्हा

गेल्या आठवड्यात आपण मुरैना आणि भिंड पाहिले. आता त्यांच्या दक्षिणेला, थेट ग्वाल्हेर जिल्ह्यात उतरू. आधी एक समजूत बाजूला ठेवायला हवी. ग्वाल्हेर म्हटले की चंबळची घळ डोळ्यांपुढे येते; पण चंबळ या जिल्ह्याला शिवतसुद्धा नाही. ती मुरैना-भिंडच्या उत्तर सीमेवरून निघून जाते. ग्वाल्हेरच्या ग्रामीण भागाचा जीव आहे सिंध आणि पार्वती या नद्यांवर. ही पार्वती सिंधेला मिळणारी. चंबळला मिळणारी माळव्यातली पार्वती वेगळी.

दोन तऱ्हांची जमीन

जिल्ह्याचे क्षेत्रफळ साधारण साडेचार हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या हिंगोली जिल्ह्याएवढे. पश्चिमेला घाटीगावची बाजू खडकाळ, उंचसखल आणि झुडपी जंगलाची. तिथे सहरिया आदिवासींची गावे आहेत आणि फरशीच्या दगडाच्या खाणी आहेत. माळढोकासाठी 1981 मध्ये राखलेले अभयारण्यही इथलेच. माळढोक मात्र तिथून केव्हाच दिसेनासा झाला. आग्नेयेला डबरा आणि भितरवार हे सपाट, पाण्याचे तालुके. संस्थानी काळात पार्वतीवर हरसीचे धरण झाले, कालवे निघाले आणि गहू-मोहरीच्या मुलखात भातशेती आली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शीख कुटुंबांनी डबऱ्याभोवती जमिनी कसल्या. आज डबऱ्याची मंडी धानासाठी ओळखली जाते.

शहराला पाणी पाजणारे तिघरा धरण सांक नदीवर आहे. ते बांधून होते न होते तोच 1917 च्या ऑगस्टमध्ये फुटले. पुन्हा उभारलेल्या त्याच धरणाचे पाणी शहर अजून पिते.

राजधानीचे खेडे

डबऱ्याजवळ सिंध-पार्वतीच्या संगमावर पवाया नावाचे खेडे आहे. सतराशे वर्षांपूर्वी ही नागराजांची राजधानी पद्मावती होती. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ची कथा याच नगरीत घडते. भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. पण नाटकात त्याने या नगरीभोवतीच्या नद्या नावांनिशी मांडल्या आहेत. पद्मावती म्हणजे नरवर, असा पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमचा तर्क होता. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. बा. गर्दे यांनी ती पवायाला असल्याचे दाखवले. तिथे सापडलेली मणिभद्र यक्षाची मूर्ती आता ग्वाल्हेरच्या गुजरी महालात आहे. सत्ता हलली तसे नगर ओसरले आणि मागे शेतकऱ्यांचे गाव उरले.

शहराच्या तीन तऱ्हा

ग्वाल्हेर शहराचे असे झाले नाही. वस्त्या वसवणारी कारणे एकामागून एक संपली, माणसे मात्र उठली नाहीत.

सर्वांत जुने ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याचे. सपाटीवर एकट्याच उभ्या असलेल्या, सुमारे तीन किलोमीटर लांब वालुकाश्माच्या डोंगराने ते वसवले. या डोंगरावरच्या चतुर्भुज मंदिरात 876 सालचा शिलालेख आहे आणि त्यात शून्याचे चिन्ह स्पष्ट कोरलेले आहे. पुढे मानसिंह तोमराने 1486 ते 1516 या कारकिर्दीत मानमंदिर बांधले, ध्रुपदाला आश्रय दिला.

दुसरे लष्कर. शिंद्यांची राजधानी आधी उज्जैनला होती. 1810 मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो परत उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले. शितोळे, आंग्रे, फाळके, जाधव ही सरदार घराणी स्थिरावली. त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, कीर्तनकार आणि गवई आले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर या परंपरेत शिकले आणि ग्वाल्हेरची ख्यालगायकी त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. राजकवी भा. रा. तांबे इथेच राहिले. 1961 चे मराठी साहित्य संमेलन कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्वाल्हेरलाच भरले. संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. संस्थान गेले, सरदारकी गेली, तरी फालका बाजार आणि शिंदे की छावनी ही पत्त्यांतली नावे कायम आहेत.

तिसरे मुरार, म्हणजे इंग्रजांची छावणी. 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनियार इथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि इंग्रजांचा वरचष्मा पक्का झाला. 1857 नंतर किल्लाही त्यांच्या ताब्यात राहिला. तो 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात परत मिळाला.

गिरणीने वसवलेले बिर्लानगर

शहराच्या उत्तरेचे बिर्लानगर या साखळीतले शेवटचे. माधवराव शिंद्यांना संस्थानात उद्योग हवे होते. 1921 मध्ये घनश्यामदास बिर्ला यांनी इथे जियाजीराव कॉटन मिल काढली. लोकांच्या तोंडी ती ‘जेसी मिल’. 1947 मध्ये ग्वालियर रेयॉन ही कंपनी इथेच स्थापन झाली. पतौडी आणि शर्मिला टागोर यांच्या जाहिरातींमधून घरोघरी पोचलेले ‘ग्वालियर सूटिंग’ तिचेच. आसपासच्या खेड्यांतून आणि उत्तर प्रदेशातून मजूर आले. त्यांच्यासाठी चाळी उठल्या, ‘लाइन नंबर एक’, ‘लाइन नंबर दोन’ असे पत्ते पडले. बिर्लानगरला स्वतःचे रेल्वे स्टेशनही मिळाले. 1990 च्या दशकात जेसी मिल बंद पडली. थकलेल्या देण्यांचा झगडा पुढे कैक वर्षे चालला, पण लाइनी रिकाम्या झाल्या नाहीत. नवे कारखाने बानमोरला आणि मालनपूरला गेले, म्हणजे एक मुरैना जिल्ह्यात, दुसरे भिंड जिल्ह्यात. काम हद्दीपलीकडे आणि घर ग्वाल्हेरात, अशी विभागणी झाली.

जवळच हजिऱ्याला तानसेनाची समाधी आहे. दरवर्षीच्या तानसेन समारोहाची सुरुवात तिथे ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते. शिंद्यांबरोबर आलेली कीर्तनपरंपरा अशी गिरणगावाच्या शेजारी नांदते.

आकडे काय सांगतात

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 20,32,036 होती. तीपैकी सुमारे 63 टक्के शहरी, आणि एकट्या ग्वाल्हेर महापालिकेत साडेदहा लाखांवर माणसे. साक्षरता जवळपास 77 टक्के, पण दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या 864. त्याच वर्षी महाराष्ट्रात 929 होत्या. शहरीकरण आणि शाळा या दोहोंनी हा खड्डा बुजवलेला नाही.

जिल्ह्याची खरी फाळणी पाण्याची आहे. डबऱ्याचे शेत कालव्यावर पिकते. घाटीगावचा मजूर खाणीवर किंवा शहरात जातो. शहर याच माणसांनी वाढत राहते. फरक एवढाच की पूर्वी राजा, छावणी किंवा गिरणी त्यांना बोलावून घेत असे. आता बोलावणारे कोणी नाही, तरी ती येतात. त्यांच्या रोजगाराचा हिशेब मांडल्याशिवाय या जिल्ह्याचा इतिहास पुरा होणार नाही.

(पुढील लेखांक : ग्वाल्हेर ते श्योपूर, शिंद्यांची छोटी रेल्वे)