दूरच्या आपत्तीची मराठी : कोलाडच्या निमित्ताने काही विचार

दि. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा बेटाच्या किनाऱ्यालगत समुद्रतळ हादरला, तेव्हा भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळचे साडेसहा वाजत आले होते. त्यातून उठलेल्या लाटांनी हिंदी महासागराच्या काठी सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे मारली. एकट्या भारतात दहा हजारांहून अधिक गेली. रायगड जिल्ह्यातील कोलाडसारख्या गावी ह्या घटनेची वार्ता पोचली, पाणी पोचले नाही. पाणी पोचते तेथील भाषेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. केवळ वार्ता पोचते तेथे भाषा काय करते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्यासाठी कोलाडच का, हे आधी सांगितले पाहिजे. रोहे तालुक्यातील हे गाव कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. नदी येथून रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंडा व कोर्लई ह्यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. कोर्लईची पोर्तुगीजमिश्र बोली भाषाभ्यासकांस परिचित आहेच. समुद्र कोलाडपासून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरच आहे, तथापि तो गावातून दिसत नाही. भूकंपाच्या बाबतीतही गावाची स्थिती अशीच मधली आहे. दि. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. कोयनानगर कोलाडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे आणि तो धक्का त्याहून दूर असलेल्या मुंबईलाही जाणवला होता. आपत्तीच्या अगदी आतही नाही आणि तिच्यापासून सर्वस्वी अलिप्तही नाही, असे हे ठिकाण आहे. दूरत्वाच्या छटा तपासावयाच्या तर असेच ठिकाण घ्यावे.

मराठीत दूरत्वाची पहिली खूण म्हणजे 'म्हणे' हे अव्यय होय. 'म्हण' धातूच्या तृतीयपुरुषी रूपापासून ते आले. आज त्याला कर्ता उरलेला नाही. कोण म्हणतो, हे विचारावयाचे नसते. 'कोयनेला भूकंप झाला' आणि 'कोयनेला भूकंप झाला म्हणे' ह्या दोन वाक्यांत घटना एकच आहे. बदलले आहे ते बोलणाऱ्याचे घटनेशी असलेले नाते. दुसऱ्या वाक्यात बोलणारा सत्याची हमी घेत नाही, ती अनामिक सांगणाऱ्यावर सोपवतो. ज्याच्या अंगणातील भांडी पहाटे खणखणली त्याला 'आमच्याकडे जमीन हादरली म्हणे' असे म्हणता येणार नाही. म्हणालाच तर तो त्या वेळी झोपेत होता असा अर्थ निघेल. व्याकरणग्रंथांनी ह्या अव्ययाकडे म्हणावे तितके लक्ष दिलेले नाही. लोककथेतील 'एक होता म्हणे राजा' आणि उपरोधातील 'मदत पोचली म्हणे' ह्या दोन टोकांमध्ये त्याचा मोठा प्रदेश आहे, आणि दूरच्या आपत्तीची बातमी त्या प्रदेशाच्या बरोबर मध्यभागी येते.

दूरचित्रवाणीने ह्या व्यवस्थेत एक विचित्र पेच निर्माण केला. २००४ साली, आणि त्याहून अधिक दि. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, घरे व मोटारी वाहून नेणारे काळे पाणी जगाने डोळ्यांनी पाहिले. जे पाहिले त्याला 'म्हणे' जोडणे मराठीच्या प्रकृतीस मानवत नाही. 'पाणी शेतांतून आत येत होते' असे प्रेक्षक साध्या भूतकाळात सांगतो, जणू तो बांधावर उभा होता. परंतु त्याच वाक्याच्या पुढे 'अठरा हजारांवर माणसे गेली म्हणे' असे येऊ शकते. चित्र साक्षीचे, संख्या मात्र ऐकीव. एकाच घटनेचा दृश्य भाग जवळचा आणि मानवी भाग दूरचा, अशी ही फाळणी आहे, आणि ती सांगणाऱ्याच्या मनात नव्हे तर वाक्याच्या रचनेत पडते.

दुसरी खूण सर्वनामांची. मराठीस 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद लाभला आहे. इंग्रजीस तो नाही. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, 'आपण' त्याला आत घेतो. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. कोकणातील माणसाला मराठवाड्याची बोली, पीकपाणी, घरबांधणी सगळेच परके. तरीही 'आपली माणसे गेली' हे वाक्य त्याच्या तोंडी स्वाभाविक ठरते. नागपट्टणम किंवा कार निकोबारविषयी 'आपल्याकडे' म्हणावयाचे की 'तिकडे', हे मात्र श्रोता कोण ह्यावर ठरते. परदेशी माणसाशी बोलताना नागपट्टणम 'आमच्याकडे' असते, घरी बोलताना 'तिकडे मद्रासच्या बाजूला'. जपान सदैव 'तिकडे'. येथे कोणाच्या हृदयशून्यतेचा प्रश्न नाही. भाषा बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात कुंपण घालावयास लावते. ते कोठे घालावे एवढेच त्याच्या हाती राहते.

तिसरी गोष्ट कर्त्याची, आणि येथे कोलाडचे पाणी स्वतःच उदाहरण पुरवते. मुळशीच्या जलाशयाचे पाणी भिरा येथील वीजगृहातून वीज निर्माण करून कुंडलिकेत उतरते. त्यामुळे पाऊस नसतानाही नदी चढते, आणि ते चढणे मनुष्याच्या हातचे असते. अशा ठिकाणी 'पाणी सोडले' हे वाक्य नित्याचे होते. त्यात कर्ता उच्चारला जात नाही, पण तो आहे हे क्रियापद सांगते. 'सोडणे' सकर्मक आहे. समुद्राच्या लाटेस हे क्रियापद लागू पडत नाही. तेथे 'पाणी आले', 'पाणी शिरले' अशी अकर्मक रूपेच चालतात. दूरच्या श्रोत्यास मात्र कर्त्याविना चैन पडत नाही. 'निसर्गाचा कोप झाला' ही वृत्तपत्री रचना त्या रिकाम्या जागेत कर्ता बसवण्याचाच प्रयत्न होय. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या वेळी गांधीजी दक्षिण भारतात दौऱ्यावर होते; तेथून त्यांनी ती आपत्ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा मानली आणि रवींद्रनाथांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला. त्या वादाचे तात्त्विक अंग प्रसिद्ध आहे. भाषिक अंग एवढेच की, ज्याच्यावर घर कोसळले तो आधी 'काय झाले' विचारतो, आणि दूर असलेला 'कोणी केले' ह्याकडे लवकर वळतो.

आता शब्दाकडे वळू. जपानीत 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. खोल समुद्रात ही लाट इतकी पसरट असते की होडीतील कोळ्याला ती कळतही नाही. तो परततो तेव्हा बंदर नाहीसे झालेले असते. हे नाव किनाऱ्यावरील हानीवरून पडले आहे, लाटेच्या कारणावरून नव्हे. इंग्रजीत हा शब्द गेला तोही दूरच्या वार्तेबरोबरच. १८९६ साली सान्रिकू किनाऱ्यावर सुमारे बावीस हजार माणसे मेली आणि त्या सुमाराच्या वृत्तांतांतून व लाफ्काडिओ हर्न ह्याच्या लेखनातून इंग्रजी वाचकास तो ओळखीचा झाला. त्यापूर्वीच्या इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ 'भरतीची लाट' असा होता. भरतीशी ह्या लाटेचा काही संबंध नसल्याने ते शास्त्रज्ञांस खटकत असे.

मराठीने हा शब्द घेतला तो इंग्रजी लिपीच्या मार्गाने, आणि येथे एक मौजेची गोष्ट घडली. जपानी शब्दाच्या आरंभीचा ध्वनी इंग्रजी शब्दारंभी येत नाही. म्हणून इंग्रज 'सुनामी' म्हणतो. मराठीत मात्र तो ध्वनी घरचा आहे. 'चूल', 'चूक', 'चुलता', 'चुना' ह्यांतील दंत्य च तोच. संस्कृत 'चूर्ण' मधील तालव्य च वेगळा. म्हणजे मराठी माणसाला जपानी उच्चार शिकावयाचीही गरज नव्हती. तो 'चुना' म्हणतो तसे 'चुनामी' म्हणाला असता तर जपान्यांस जवळचे वाटले असते. पण आपली लिपी दंत्य व तालव्य च वेगळे दाखवत नाही, आणि शब्द कानांनी न येता रोमन अक्षरांतून आला. तेव्हा लेखनात 'त्सुनामी' हे जोडाक्षर रूढ झाले आणि बोलण्यात बहुधा इंग्रजाचे 'सुनामी'. जो ध्वनी आपल्या स्वयंपाकघरात रोज उच्चारला जातो तो परक्या शब्दात आपल्यालाच ओळखू आला नाही.

हे केवळ उच्चारापुरते असते तर सोडून देता आले असते. परंतु हाच अनुभव अर्थाच्या बाबतीतही आला आहे, आणि तेथे त्याची किंमत मोठी आहे. दि. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यालगत, पसनीच्या दक्षिणेस, आठाहून अधिक प्रतीचा भूकंप झाला. त्याच्या लाटा काही तासांत मुंबईस पोचल्या. सुमारे दोन मीटर पाणी चढल्याच्या, होड्या दोर तुटून वाहून गेल्याच्या आणि माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. कोलाडपासून तो भूकंपबिंदू साधारण साडेबाराशे किलोमीटर पडतो, नागपट्टणम साधारण अकराशे. अंतर जवळजवळ सारखेच. तथापि १९४५ ची लाट आपल्याच समुद्रातून आली आणि मराठीत एकही शब्द ठेवून गेली नाही. २००४ ची लाट दुसऱ्या समुद्रात उठली आणि सर्वतोमुखी शब्द देऊन गेली.

ह्याचे कारण काय असावे? वृत्तप्रसाराचा वाटा उघड आहे. पण किनाऱ्याच्या शब्दसंपत्तीचाही विचार केला पाहिजे. कोकणात समुद्राच्या पाण्याविषयीचा शब्दसंग्रह समृद्ध आहे : भरती, ओहोटी, सुकती, उधाण, भांग. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणारे मंद भरती-ओहोटीचे दिवस. उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर सर्वांस ठाऊक असतो. ही सारी परिभाषा चंद्रावर बेतलेली आहे. १९४५ ची लाट आली ती कृष्णपक्षातील नवमीच्या आसपास, म्हणजे भांगात, पाणी शांत असावयाच्या दिवसांत. २००४ ची आली ती मार्गशीर्ष पौर्णिमेस, ऐन उधाणाच्या दिवशी. लाटेला तिथी नसते हे ह्या दोन उदाहरणांनीच दिसून येते. ज्या शब्दव्यवस्थेत पाण्याच्या प्रत्येक हालचालीस तिथी आहे, तिच्यात बिनतिथीच्या पाण्यास घर मिळत नाही. ते एकदाच घडलेले नवल म्हणून सांगितले जाते आणि सांगणाऱ्याबरोबर संपते.

ह्याच्या उलट उदाहरण सुमात्राच्या पश्चिमेस असलेल्या सिमेउलुए बेटाचे. १९०७ साली तेथे अशीच लाट येऊन फार मनुष्यहानी झाली. बेटावरील बोलीत ह्या घटनेस 'स्मोंग' हा शब्द होता, आणि तो गाण्यांतून व आजीच्या गोष्टींतून टिकून राहिला. जोराचा भूकंप झाला, समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळावयाचे, हे सारे त्या एका शब्दात साठवलेले होते. २००४ च्या भूकंपाचे केंद्र ह्या बेटाच्या अगदी जवळ होते. लाट अर्ध्या तासाच्या आतच आली. पाऊण लाखाहून अधिक वस्तीत सातच माणसे दगावली. तेथे 'स्मोंग' अशी आरोळी हेच पळण्याचे कारण पुरेसे झाले. मराठीतील 'त्सुनामी' हा शब्द सूचना देत नाही, तो वर्णन करतो. आणि अलीकडे तर निवडणुकीतील यशासही वृत्तपत्रे तो लावतात.

२००७ पासून हैदराबाद येथे भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. त्याच्या सूचनांत धोक्याच्या कमीअधिक तीव्रतेच्या पायऱ्या असतात. मराठी बातमीत बहुधा त्या सर्वांचा 'इशारा' होतो. दि. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा मोठा भूकंप झाला, सूचना निघाल्या, लाट मात्र विशेष उठली नाही आणि त्या मागे घेण्यात आल्या. ज्या भाषेत पायऱ्यांचा भेद नाही तीत अशा प्रसंगी 'खोटा इशारा' एवढेच शिल्लक राहते.

परंतु अधिक चिंतेचा शब्द 'त्सुनामी' नाही, 'इशारा'ही नाही. तो 'ओहोटी' आहे. मोठ्या लाटेपूर्वी पुष्कळदा, नेहमीच नव्हे, समुद्र दूरवर मागे सरतो. रेवदंड्यापासून खाली सर्व किनाऱ्यावर पाणी मागे गेले की त्यास 'ओहोटी' हेच नाव आहे, आणि ओहोटी म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर जाऊन कालवे, शिंपल्या गोळा करण्याची वेळ. हा शब्द माणसाला पाण्याकडे बोलावतो. तेव्हा किनाऱ्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या मराठी सूचनेत 'समुद्र एकाएकी मागे हटल्यास' एवढे पुरेसे नाही. 'अवेळी ओहोटी लागली तर खाली जाऊ नका, उंचावर जा' असे तेथल्याच परिभाषेत म्हटले पाहिजे. 'अवेळी' हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण वेळ कोणती हे तिथीवरून त्या माणसास सूचना लिहिणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते.