ओरखड्यांवर चालणारं इंजिन

हिरो होंडा स्प्लेंडरचा ब्लॉक उतरवून उजेडाकडे धरा आणि आत डोकावा. 50 मिलिमीटर व्यासाची बिडाची नळी दिसेल. मिस्त्री तिला बोअर म्हणतात. इंजिन फार चाललेलं नसेल तर नळीच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेषा दिसतात. काही उजवीकडे चढतात, काही डावीकडे, आणि एकमेकींना छेदून भिंतभर चौकटी काढतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी भिंत खरवडून ठेवली. खरं तर त्या कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या असतात, आणि त्या पुसल्या गेल्या की इंजिनाचे वाईट दिवस सुरू होतात.

या भिंतीवर काय गुदरतं ते आधी पाहू. स्प्लेंडरचा पिस्टन प्रत्येक फेऱ्याला 49.5 मिलिमीटर वर आणि तेवढाच खाली जातो. चौथ्या गियरात गाडी एक किलोमीटर पुढे सरकते, तेवढ्यात पिस्टनच्या रिंगा भिंतीवरून अर्ध्या किलोमीटरहून जास्त घासल्या जातात. खालच्या गियरात त्याहूनही जास्त. म्हणजे मीटरवर 40,000 किलोमीटर पडले, तर रिंगांनी बोटभर लांबीच्या या पट्ट्यावरच येरझाऱ्या घालत 20,000 किलोमीटरहून जास्त अंतर कापलेलं असतं. पृथ्वीला निम्मी प्रदक्षिणा, आणि तीही शेजारी पेट्रोल पेटत असताना. एवढं होऊनही भिंतीची झीज कित्येकदा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. मला ही गोष्ट कुठल्याही अंतराळयानाइतकी थक्क करणारी वाटते.

इथवर पोचायला माणसाला बराच काळ लागला. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाचं घोडं सिलिंडरपाशीच अडलं होतं. वेडीवाकडी नळी, तिच्यात पिस्टन बसवायचा आणि कडेने वाफ निसटायची. जॉन विल्किन्सनने 1774-75च्या सुमारास तोफा कोरण्याच्या तंत्रावरून सिलिंडर कोरण्याचं यंत्र केलं आणि वॅटचा प्रश्न सुटला. 50 इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, असं वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने 1776 मध्ये मोठ्या समाधानाने कळवलं होतं. आज कोपऱ्यावरचा बोअरवाला त्या नाण्याच्या जाडीचे पन्नास भाग करून त्यातल्या एकावरून वाद घालतो.

पुढची करामत जॉन रॅम्सबॉटमची. 1850च्या दशकात त्याने धातूची चिरलेली कडी पिस्टनला बसवली. ही कडी स्वतःच्या ताणाने बाहेर फाकते आणि भिंतीला टेकून राहते. आपली पिस्टन रिंग तिचीच वंशज. पण नुसत्या ताणावर स्फोटाचा दाब अडत नाही. पेटलेला वायू वरच्या रिंगच्या मागे खोबणीत शिरतो आणि तोच तिला भिंतीवर दाबून धरतो. जो निसटायला बघतो, त्याच्याकडूनच दाराला कडी लावून घेतली जाते.

आता तिरक्या रेषांकडे वळू. पिस्टन मधल्या टप्प्यात सुसाट असतो. तिथे रिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगत जाते आणि धातूला धातू जवळपास लागत नाही. हा थर टिकतो तो वेगामुळे. वेग कमी झाला की तेल दबून बाजूला होतं आणि घर्षण वाढतं, हे रिचर्ड स्ट्रिबेकने 1902 मध्ये बेअरिंगांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पिस्टनला तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबावंच लागतं. मिनिटाला 5,000 फेरे म्हणजे 10,000 थांबे. त्यातला सगळ्यात वरचा थांबा भीषण. वेग शून्य, दाब आणि उष्णता शिगेला, तेल सगळ्यात कमी. त्या क्षणी रिंगला आधार उरतो तो त्या ओरखड्यांत साठलेल्या तेलाचा. काचेसारख्या गुळगुळीत भिंतीवर तेलाला थांबायला जागाच नसते.

म्हणून जुना बोअर पाहताना नजर आधी वर न्यावी. मधोमध रेषा जशाच्या तशा, आणि वर जिथे पहिली रिंग थांबून माघारी फिरते तिथे गुळगुळीत चकाकता पट्टा, असं दृश्य नेहमी दिसतं. त्या पट्ट्याच्या वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे कधीकधी नखाला लागेल अशी कड उरलेली असते. इंजिन किती थकलं, याचा पहिला अंदाज ती कडच देते.

सगळेच ओरखडे मात्र कामाचे नसतात. नुसत्या खरबरीत दगडाने घासलं तर दऱ्यांबरोबर टोकदार सुळकेही तयार होतात आणि ते रिंगांना कानशीसारखे खातात. चांगल्या होनिंगमध्ये, म्हणजे बोअरची भिंत दगडांनी घासण्याच्या कामात, आधी खरबरीत दगडाने खोल रेषा पाडतात आणि मग बारीक दगडाने सुळके तेवढे छाटतात. उरतात सपाट माथे, ज्यांवर रिंग टेकते, आणि मध्ये दऱ्या, ज्यांत तेल राहतं. पृष्ठभागाच्या कुठल्या उंचीवर किती धातू आहे, हे आलेखाने मांडायची पद्धत अ‍ॅबट आणि फायरस्टोन यांनी 1933 मध्ये दिली, आणि असं पृष्ठ पारखायला तिचाच आधार घेतात. या दऱ्या जेमतेम काही मायक्रॉन खोल असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो.

रेषांचा कोनही तोलूनमापून ठरतो. दोन रेषांमधला कोन बहुतेक इंजिनांत 45 ते 60 अंशांच्या आसपास असतो. फार आडवा झाला तर तेल जास्त अडतं, रिंग थडथडते. फार उभा झाला तर तेल ओघळून खाली जातं. हा कोन येतो हाताच्या लयीतून. 50 मिलिमीटरच्या बोअरमध्ये होन, म्हणजे हे दगड बसवलेलं फिरतं हत्यार, मिनिटाला 200 फेरे घेत असेल, तर 45 अंशांसाठी तो सेकंदाला वीस-बावीस सेंटिमीटर वेगाने वरखाली हलायला हवा. आणि एक अद्भुत गोष्ट: इंजिन चालू असताना रिंगा आपापल्या खोबणीत हळूहळू गोलही फिरतात, आणि तसं फिरवण्यात या तिरक्या रेषांचा हात असतो.

आता खरा प्रश्न. इंजिन खोललंय, नव्या रिंगा आणल्यात. होन पुन्हा मारायचा की नाही?

पूर्वी घरोघरचं जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणाऱ्याला बोलवत. टाकी लागली की जातं पुन्हा दळायचं, पण दर वेळी दगड थोडा पातळ व्हायचा. बोअरचा हिशोब तोच आहे. होनने व्यास 0.03 मिलिमीटरने वाढला, तर पिस्टनची फट तेवढीच वाढते, पण रिंगच्या टोकांमधली फट परिघाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे तिपटीहून थोडी जास्त, जवळपास 0.09 मिलिमीटर. म्हणून दगड हातात घेण्याआधी बोअर गेज हातात घ्यावं. वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजावं. कनेक्टिंग रॉड तिरपा असताना पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर रेटतो, म्हणून बोअर गोल न राहता अंडाकृती होतो.

मापं मर्यादेत आहेत, रेषा स्वच्छ दिसतायत आणि त्याच रिंगा परत त्याच बोअरमध्ये जाणार आहेत, तर भिंतीला हात लावू नये. त्या जोडीने एकमेकांना घासून घासून जमवून घेतलेलं असतं. नव्या रिंगा टाकताना मतं फुटतात. काही जण प्रत्येक वेळी होन मारतात, काही म्हणतात चांगल्या रेषांवर नवी रिंग आपोआप बसते. माझं मत असं, की रेषा पुसट झाल्या असतील किंवा भिंत चकाकत असेल तर हलका हात फिरवावा, आणि रेषा जिवंत असतील तर धातू वाचवावा. गेला मायक्रॉन परत येत नाही. बोअर अंडाकृती किंवा वर रुंद झाला असेल, तर तीन पायांच्या साध्या होनने काही साधत नाही, कारण तो वाकड्या भिंतीच्या मागेमागे जातो आणि वाकडेपणावरच सुंदर रेषा काढून ठेवतो. तिथे यंत्रावर पुढच्या साईजचा बोअर करून मोठा पिस्टन टाकणं हाच उपाय. पाव मिलिमीटरची पहिली साईज, अर्ध्याची दुसरी, असं पुढे.

हाताने एमरी पेपर फिरवून काम भागवायची सवय मात्र मोडायलाच हवी. त्यात कोन राहत नाही, दाब सारखा राहत नाही, आणि कागदाचे कण बिडात रुततात.

काही भिंतींना यातलं काहीच चालत नाही. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूक 390 च्या सिलिंडरला निकासिलचा, म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण रुजवलेला, अतिशय पातळ मुलामा असतो. तो इतका कठीण, की नेहमीच्या दगडांचं तिथे काम नाही. मुलामा उडाला तर सिलिंडरच बदलावा लागतो किंवा नव्याने मुलामा चढवून घ्यावा लागतो.

होन मारून झाला की धुणं येतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इंजिनं इथेच बिघडतात. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसलं की भिंत स्वच्छ दिसते, पण दगडाचे कण दऱ्यांत तसेच बसून राहतात. गरम पाणी, साबण आणि ताठ केसांचा ब्रश लागतो. मग पांढऱ्या फडक्याला तेल लावून भिंत पुसावी. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवावी, ते पांढरं राहीपर्यंत. आणि धुतल्याबरोबर तेल लावावं, कारण उघडं बीड बघता बघता गंजायला लागतं.

मग इंजिन चालू केल्यावर ते तासन् तास नुसतं गुरगुरत ठेवू नये. रिंग भिंतीवर दाबली जाते ती वायूच्या दाबाने, आणि दाब येतो भार टाकल्यावर. जवळजवळ रिकामे चालणारे डिझेल जनरेटर म्हणूनच भिंतीवर तेलाची चकाकी चढवून घेतात आणि तेल खाऊ लागतात. नव्या होनवर पहिल्या काही तासांतच माथे आणि रिंग एकमेकांना जमवून घेतात. तेव्हा गाडी रस्त्यावर काढावी, मध्यम थ्रॉटलने चढ चढवावी, मध्येच थ्रॉटल सोडावा, पुन्हा द्यावा आणि पहिलं तेल लवकर बदलावं, कारण रिंग बसताना निघालेला लोखंडाचा बारीक कीस त्याच तेलात असतो.