पगारात बसणारे ४०२ मीटर

लाखोंची सुपरबाइक नाही, स्पॉन्सर नाही. रोज ऑफिसला नेणाऱ्या १५० सीसीवरही ड्रॅग रेसिंगची धम्माल घेता येते. अट एकच... सोमवारी सकाळी बाइक चालू हवी!

ड्रॅग रेसिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? २००४ च्या 'धूम'मधली जॉन अब्राहमची हायाबुसा! मग आपण आपल्या पार्किंगमधल्या बाइककडे बघतो, पगाराच्या स्लिपकडे बघतो आणि गपचूप चॅनल बदलतो.

मीसुद्धा तेच करायचे. पुण्यात राहते, हिंजवडीत नोकरी करते. बाइकचे हप्ते अजून चालू आहेत. पण गेली दोन वर्षं मी वीकेंडला जमेल तेव्हा ड्रॅगला उतरते, आणि तेही याच बाइकवर. ट्रॉफी? एकही नाही. पण या खेळात पैशांशिवायही बरंच काही जिंकता येतं, हे मात्र छातीठोकपणे सांगू शकते.

सरळ रस्ता, दोन लेन

नियम सोपा आहे. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ जायचं. वळण नाही, ब्रेकची कसरत नाही. सुरुवातीला दिव्यांचा खांब असतो. त्याला म्हणतात ख्रिसमस ट्री. तुमचं पुढचं चाक रेषेवर आलं की वरचे छोटे दिवे लागतात, मग पिवळे, मग हिरवा. हिरव्याच्या आधी सुटलात की लाल, खेळ खल्लास!

आता खरी गंमत. घड्याळ दोन गोष्टी मोजतं. हिरवा लागल्यापासून तुम्ही हलेपर्यंतचा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम. तुम्ही हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ म्हणजे ईटी. समजा माझी रिअ‍ॅक्शन ०.२ सेकंद आणि ईटी १९.६. शेजारच्याची बाइक जास्त दमदार, त्याची ईटी १९.४, पण रिअ‍ॅक्शन ०.५. बेरीज करा: मी १९.८, तो १९.९. दमदार बाइक त्याची, पण रेषा आधी मी ओलांडली! आणि ही रिअ‍ॅक्शन कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती फुकट आहे.

एक गोष्ट मात्र एन्ट्री भरण्याआधीच विचारून घ्या. काही ठिकाणी निकाल समोरासमोर लागतो, काही ठिकाणी फक्त ईटीवर. ईटीवर असेल तर रिअ‍ॅक्शनचा फायदा शून्य.

वजन उतरवा, पाकीट नाही

नाना पेठेतले माझे मेकॅनिक भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, इंजिन खोलायचं नाही. आधी गाडीवरचा संसार उतरवा." साडी गार्ड, आरसे, मागचे फूटरेस्ट, मागचं हँडल, सगळं निघालं. टाकी जवळजवळ रिकामी केली. दहा लिटर पेट्रोलचंच वजन साडेसात किलोच्या आसपास असतं.

याचा हिशोबही आहे. बाइक आणि रायडर मिळून सुमारे २०० किलो आणि ताकद १४ बीएचपी असेल, तर दहा किलो कमी केल्यावर पाव मैलात साधारण ०.३ सेकंद वाचतात. तेवढेच सेकंद इंजिनमधून काढायचे तर अर्ध्या बीएचपीहून जास्त ताकद वाढवावी लागेल. तिथे खर्च सुरू होतो, आणि तो थांबत नाही. माझं वजन ५२ किलो. लग्नाच्या बाजारात 'फारच बारीक' म्हणून नाकं मुरडणाऱ्या मावश्यांनी एकदा स्ट्रिपवर यावं!

जुन्या लोकांना हे गणित कधीच कळलं होतं. १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली यामाहा आरएक्स १०० आठवा. इंजिन फक्त ९८ सीसी, ताकद ११ बीएचपी, पण वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणूनच ती आजही ड्रॅगवाल्यांच्या गळ्यातला ताईत आहे.

बाकीचं तंत्रही फुकटच. क्लच एकदम सोडायचा नाही, इंजिनचे आरपीएम पडू न देता सोडायचा. अंग पुढे झुकवून टाकीला चिकटायचं. गिअर झटक्यात बदलायचे. आणि ते धूर काढत टायर फिरवणं? १४ बीएचपीच्या बाइकला त्याची गरजच नाही. टायर झिजतो, फोटो छान येतो, बस्स! माझ्या पहिल्या इव्हेंटला पहिल्या रनची ईटी २०.१ होती, तिसऱ्या रनची १९.४. मध्ये एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

मग रस्त्यावरच का नाही?

"एन्ट्री फी कशाला भरतेस? रात्री दोनला हायवे मोकळाच असतो." हे वाक्य ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी ना कुणी म्हणतंच. बजेटचा सगळ्यात मोठा मोह हाच.

पण मंडळी, हेच सगळ्यात महाग पडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दंडाचं सोडा हो! हायवेवर रात्री दोनला एखादा दूधवाला टेम्पो वळतो, कुणी रस्ता ओलांडतं, कुत्रं आडवं येतं. स्ट्रिपवर शेवटच्या रेषेपुढे थांबायला मोकळी जागा असते, अ‍ॅम्ब्युलन्स असते. हायवेवर यातलं काहीच नसतं.

अमेरिकेतही हा प्रश्न होता. रस्त्यावर भिडणाऱ्या पोरांना सुरक्षित जागा मिळावी, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन सुरू केली. तिथे 'ब्रॅकेट रेसिंग' हा मस्त प्रकार आहे. आपल्याला किती सेकंद लागतील ते आधीच जाहीर करायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. जाहीर केल्यापेक्षा लवकर पोचलात की साधारणपणे बाद! म्हणजे घरची जुनी गाडीसुद्धा जिंकू शकते, फक्त चालवणारा पक्का हवा.

आपल्याकडे जागा कमी आहेत, हे खरं दुखणं. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० च्या दशकात ड्रॅग इव्हेंट गाजले. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. त्यामुळे वर्षातून दोन-तीनच संधी मिळतात. पण खिशाला तेवढ्याच झेपतात, हेही खरं!

आणि हो, विमा. नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग धरलेलं नसतं. स्ट्रिपवर जे मोडेल ते तुमच्या खिशातून. म्हणून माझा नियम ठरलेला आहे: जो पार्ट मोडला तर सोमवारी बस पकडावी लागेल, त्याच्या जिवावर उठायचं नाही.

बजेट ड्रॅगचा फंडा

• पहिला खर्च अंगावर: चांगलं फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्हज, जॅकेट, बूट. बाइकचं नंतर.

• इव्हेंटला मोटरस्पोर्ट्स फेडरेशनची, म्हणजे एफएमएससीआयची मान्यता आहे का, ते बघा.

• चेन, ब्रेक, क्लच केबल आदल्या दिवशी तपासा. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच.

• मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की पिकअप वाढतो, पण रेषेआधी एक गिअर जास्त बदलावा लागला तर फायदा गेला.

• काढलेले आरसे घरी निघण्याआधी परत लावा.

• प्रत्येक रनची स्लिप जपून ठेवा. शेजारच्याला नाही, मागच्या स्लिपला हरवायचं!

तर पुढच्या वेळी इव्हेंटची जाहिरात दिसली, की पार्किंगमधल्या बाइककडे जरा नीट बघा. ती तयार असेल. तुम्ही आहात का?