प्रयोगशाळा ते रुग्णशय्या : मधला पल्ला

अंधेरीच्या पूर्वेस मरोळ म्हटले की औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते. 'सीप्झ' हे निर्यात प्रक्रिया क्षेत्रही १९७३ साली याच परिसरात सुरू झाले. परंतु नवा शोध हाती असलेल्या संशोधकाचे केवळ गाळा मिळून भागत नाही. त्याची गरज निराळी असते. ती कशी भागविता येते, हे मरोळपासून काही किलोमीटरवरील पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पाहावयास मिळते.

शोध लागला म्हणजे उद्योग उभा राहिला, असा एक समज आहे. वस्तुतः खरी अडचण तेथूनच सुरू होते. चाचण्यांचा खर्च संशोधनाच्या अनुदानात बसत नाही आणि विक्रीच नसलेल्या वस्तूवर बँक कर्ज देण्यास कचरते. हा मधला पल्ला ओलांडता यावा म्हणून पवईच्या संस्थेने २००४ साली 'साइन' हे उद्योजकता केंद्र स्थापन केले. तेथे जागा, उपकरणे व व्यावसायिक सल्ला मिळतो. मानवरहित विमाने बनविणारी 'आयडियाफोर्ज' ही कंपनी याच केंद्रात वाढली व २०२३ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली.

रक्ताच्या काही कर्करोगांवरील 'नेक्सकार १९' या उपचाराची कथा अधिक बोलकी आहे. यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून त्यांत नवे जनुक घालतात. त्यामुळे कर्कपेशी ओळखू लागलेल्या या पेशी वाढवून रुग्णास परत देतात. प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत ही पद्धत विकसित झाली; परंतु ती रुग्णापर्यंत नेणे एकट्या प्राध्यापकाचे काम नव्हते. टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांची साथ लाभली. मानवी चाचण्यांसाठी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून १९.१५ कोटी रुपये मिळाले. २०१८ मध्ये 'इम्युनोॲक्ट' ही कंपनी निघाली, जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवई येथे या उपचाराचे लोकार्पण केले. त्याची किंमत परदेशातील उपचाराच्या सुमारे एक दशांश आहे. तरीही ती लाखांच्या घरात असून सामान्य कुटुंबाला पेलणारी नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानेही विद्यापीठांत नवोपक्रमांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद केली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात एखाद्या विद्यार्थ्याने शेतीचे उपयुक्त अवजार बनविले, तर त्याला प्रदर्शनातील ढाल देऊन आपण मोकळे होतो. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्याचा अर्ज या मंडळाकडे पाठवावा आणि पुढे काय झाले याची विचारणाही करावी.