अणूचें स्मारक

राजेरजवाड्यांचीं स्मारकें यूरोपांत उदंड. परंतु ब्रुसेल्सचें ‘अ‍ॅटोमियम’ हें लोखंडाच्या अणुरचनेचें स्मारक होय. मोशी-चाकणच्या कारखान्यांत रोज हातीं येणाऱ्या लोखंडाच्या स्फटिकाचा लहानांत लहान घटक १६५ अब्ज पट वाढवून इंजिनीयर आंद्रे वॉटरकेन यांनीं १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं हें १०२ मीटर उंच शिल्प योजिलें. कोपऱ्यावर उभा केलेला घन, आठ कोनांवर आठ गोल, मध्यभागीं नववा. नळ्यांतील सरकत्या जिन्यांनीं प्रवासी एका गोलांतून दुसऱ्यांत जातात. हिरोशिमाच्या संहारानंतर तेराच वर्षांनीं, अणूनें मनुष्याचें कल्याण साधावें या आशेनें तें उभारिलें गेलें. सहा महिन्यांपुरतें बांधलेलें शिल्प आजहि उभें आहे. मुलांना तें दाखवितांना वडीलधाऱ्यांनीं उंचीबरोबर ही आशाहि अवश्य सांगावी.